दर प्रति उपचारक्रम

वहिनीची दाढ दुखतेय हे वन्संना कळलं ते टोस्टमुळे. एरवी सकाळी कडक टोस्ट कडाकडा चावणारी बाई तो चहात बुडवून, मऊ करून, उजव्या गालात ढकलायला लागली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. दोन दिवसांनी गाल तापला, तेव्हा कुठे तिने तोंड उघडून दाखवलं. खालची डावी, शेवटून दुसरी दाढ. मधोमध काळा खड्डा आणि एक कड तुटलेली.

वहिनी खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायच्या कारखान्यात बावीस वर्षं काम करत होती. कापड ताणायला दोन्ही हात लागतात, म्हणून या धंद्यातली माणसं बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, दातांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात. बाई तशी धीराची. हातोडी अंगठ्यावर बसली तरी हूं की चूं करायची नाही. पण दातांचा डॉक्टर म्हटलं की तिची दातखीळच बसायची. लहानपणी कोणीतरी हात धरून तिचा दात उपटला होता, एवढंच ती सांगायची. त्यापुढचं सांगायची नाही.

वन्सं म्हणजे तिची नणंद. वहिनीचं ऐकून सगळी इमारतच त्यांना वन्सं म्हणत असे. लग्न केलं नव्हतं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी राहायला आल्या आणि दोन वर्षांत भाऊ गेला. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत नणंद-भावजय दोघीच. लोकांना वाटे, यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असणार. तसं काही नव्हतं. दोघींनी कामं वाटून घेतली होती. वहिनी कमवायची, स्वयंपाक करायची, बिघडलेला पंखा उघडून बसायची. वन्सं कागद बघायच्या. विजेचं बिल, पेन्शनचा दाखला, घरमालकाची नोटीस, जे येईल ते वहिनी न वाचता त्यांच्यापुढे सरकवायची, "काय म्हणतायत बघा हो." मग वन्सं चष्मा लावून, निकाल द्यावा तसं सांगायच्या. शेजारीपाजारीही कागद घेऊन येत. मला हे कळलं नाही, असं वन्संनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात दोघी मिळूनच गेल्या. जमिनीला ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडकीवर रांग आणि बंद दारामागून येणारा तो बारीक, टोकदार आवाज. आवाज चढला की वहिनीचे खांदे कानाशी जात. तिचा नंबर आला तेव्हा ती उठेचना. वन्संनी तिला दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि आत ढकललं, असंच म्हणायला हवं.

पाऊण तासाने ती बाहेर आली ती अर्धा ओठ लोंबत आणि डोळे पुसत. मागून तरुण डॉक्टरीणबाई आल्या. दाढ वाचेल असं त्यांचं म्हणणं होतं. आतली शीर सडली होती, ती काढून औषध घातलं होतं. अजून चार वेळा यावं लागेल. वरचं भरण तात्पुरतं आहे, ते फार दिवस टिकत नाही, तेव्हा पुढच्या मंगळवारी न चुकता या, मध्येच सोडून देऊ नका, असं त्यांनी वन्संना दोनदा बजावलं. खिडकीवर वन्संनी पैसे भरले. आतल्या मुलीने पावती आणि दरांचा छापील कागद दिला, पुढच्या वेळी पावती घेऊन या म्हणाली आणि मागच्या माणसाकडे वळली.

घरी आल्यावर वन्संनी कागद टेबलावर सपाट केला. तीन दर होते. तपासणी आणि औषधं पहिल्या दरात. भरणं, शिरेचं काम, दात काढणं दुसऱ्या दरात. दातावरची टोपी, कवळी वगैरे तिसऱ्यात. तिन्हींच्या खाली एक ओळ होती: दर प्रति उपचारक्रम.

त्या ओळीशी वन्सं थांबल्या. क्रम म्हणजे नंबर. दर वेळी नंबर लागणार आणि दर वेळी पैसे पडणार. म्हणूनच ती मुलगी पुढच्या वेळी पावती आणा म्हणाली. आज एकदा दुसरा दर भरला होता, अजून चारदा भरायचा. तेवढ्यात एका महिन्याचं घरभाडं निघालं असतं. त्यांच्या मनात क्षणभर आलं, की दवाखान्यात फोन करावा आणि विचारावं. पण चौतीस वर्षं लोकांना नंबर शोधून दिलेल्या बाईने एका ओळीचा अर्थ विचारायचा, हे काही त्यांना रुचलं नाही.

"वहिनी, दर फेरीला पैसे आहेत," त्या म्हणाल्या. "माझी पेन्शनची थकबाकी यायची आहे दोन महिन्यांनी. तेव्हा सगळं एकदम करू. दुखतंय का आता?"

"नाही हो, मुळीच नाही," वहिनी म्हणाली.

ते खरं होतं. शीर काढल्यावर दाढ मुकी झाली होती. मंगळवार आला आणि गेला. बुधवारी दुपारी फोन वाजला. दंतविभागातून एक मुलगी बोलत होती. पेशंट काल आल्या नाहीत, काही अडचण आहे का, दुसरी तारीख देऊ का, असं ती अगदी सरळपणे विचारत होती. वन्संना वाटलं, आता ही पैशाचं विचारणार. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की त्या परगावी गेल्यात, आल्या की कळवू. मुलगी बरं म्हणाली, पण जास्त दिवस काढू नका, असंही म्हणाली. रिसीव्हर ठेवल्यावर वन्सं बराच वेळ फोनपाशी उभ्या होत्या. फोनवर त्या आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी वहिनीला त्यांनी या फोनचं सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भरणाचा एक तुकडा जेवताना निघाला. वहिनीने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि ती उजव्या बाजूने जेवत राहिली. मग रात्री गाल ठणकू लागला. ती लवंगेचं तेल लावायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायची, कामावर जायची. वन्सं रोज विचारायच्या आणि वहिनी बरंय म्हणायची. शुक्रवारी सकाळी तिने चहा अर्धा ठेवला. हनुवटीखाली थोडी सूज दिसत होती. वन्सं म्हणाल्या, आज जाऊ नकोस. वहिनी म्हणाली, एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या आज द्यायच्यात.

साडेबाराला तिचा कारखान्यातून फोन आला.

"वन्सं, आज जरा लवकर येते," एवढंच ती म्हणाली.

शब्द नेहमीचे होते, आवाज मात्र तिचा नव्हता. 'ज' बसत नव्हता, 'ल' नुसता घोळत होता. जीभ टाळूला टेकतच नव्हती, जणू तोंडात जिभेला जागाच उरली नव्हती. हजारो माणसांचे आवाज वन्संनी कानांवरच्या यंत्रातून ऐकले होते. दारू प्यालेला कोणता, रडून आलेला कोणता, झोपेतून उठलेला कोणता, हे त्यांना पहिल्या शब्दात कळायचं. असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"तिथेच बस," त्या म्हणाल्या. "हलू नकोस. मी येतेय."

कारखाना दहा मिनिटांवर होता. त्या पायात चपला आहेत की नाहीत तेही न बघता निघाल्या. वाटेत दोनदा भिंतीला धरून उभं राहावं लागलं, आणि दोन्ही वेळा डोक्यात एकच गोष्ट येत होती: ती मुलगी म्हणाली होती, जास्त दिवस काढू नका.

वहिनी एका अर्ध्या झालेल्या सोफ्याच्या कडेला पुढे वाकून बसली होती. चेहरा गालापासून गळ्यापर्यंत एकसंध झाला होता, हनुवटी कुठे संपते ते कळत नव्हतं. तोंड अर्धं उघडं. थुंकी गिळता येत नव्हती म्हणून ती मांडीवरच्या चिंधीत सोडत होती. कारखान्याचा मालक पाण्याचा पेला धरून शेजारी उभा होता आणि त्यांना पाहून म्हणाला, की सकाळपासून बोलली नाही हो, मला वाटलं दाताचंच काहीतरी आहे.

वन्संनी दवाखान्यात चल म्हटल्यावर वहिनीने मान हलवली. नाही. मग तिने कापड आखायचा खडू उचलला आणि टेबलावरच्या काळ्या रेक्झिनवर लिहिलं, "परत पैसे पडतील."

वन्संनी ती अक्षरं वाचली. त्यांनी मालकाचा फोन घेतला आणि रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसाने शांतपणे प्रश्न विचारले. श्वास घेता येतोय का? आडवं केल्यावर त्रास होतो का? जीभ वर आलीय का? वन्संनी वाकून पाहिलं. जीभ वर आली होती, आणि तिच्याखालची जागा फुगून घट्ट झाली होती. त्यांनी तसं सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही, आणि त्या क्षणाने त्या जितक्या घाबरल्या तितक्या आधी कशानेही घाबरल्या नव्हत्या. ऑपरेटर असा कधी गप्प होतो, हे त्यांना माहीत होतं.

"बाई, त्यांना झोपवू नका," तो म्हणाला. "बसवूनच ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका. गाडी निघालीय. तुम्ही फोन ठेवू नका."

मालकाने पाण्याचा पेला पटकन मागे घेतला.

मोठ्या सरकारी रुग्णालयात सगळं फार भराभर झालं आणि मग काहीच होईना. डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. दाढेतला पू जबड्याखाली उतरून दोन्ही बाजूंना पसरला होता. सूज आणखी वाढली तर श्वासाची वाट बंद होईल. म्हणून आधी नाकातून नळी घालायची, ती नाही गेली तर गळ्याला छेद द्यायचा, मग जबड्याखालून पू काढायचा आणि दाढही काढून टाकायची. थांबायला वेळ नाही. नर्सने संमतीचा कागद आणि पेन पुढे केलं.

वन्संनी चष्मा लावला. अक्षरं स्वच्छ होती, भाषा आपलीच होती. पण पहिली ओळ वाचली आणि आपल्याला नेमकं काय कळलं याचा त्यांना भरवसा वाटेना. दुसऱ्यांदा वाचली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मला हे वाचून सांगाल का? अर्थ सांगा. मला कळत नाहीये."

नर्सने घाईत असूनही ओळन् ओळ समजावून सांगितली. त्यात मृत्यू हा शब्द दोनदा होता. वन्संनी सही केली.

बाकावर त्या तीन तास बसल्या. दारावरचा दिवा लाल होता. पांढऱ्या बुटांतलं कोणी धावत गेलं की त्या बाकावरून अर्धवट उठायच्या. भावाच्या वेळी त्या अशाच बसल्या होत्या, पण तेव्हा शेजारी वहिनी होती. भीतीतही त्यांच्या मनात एक हलकं, लाज वाटावी असं दुसरं भय हलत होतं: याचं बिल किती होईल? ते मनात आल्याबद्दल त्यांनी स्वतःच्या मनगटाला चिमटा काढला, तरी ते जाईना.

पाचच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. नळी नाकातूनच गेली होती. वाटीभर पू निघाला. अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही, पण आणखी तासभर उशीर झाला असता तर आपण बोलत नसतो, असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं दंतविभागाच्या खिडकीवर उभ्या होत्या. त्यांनी घरातले होते नव्हते तेवढे पैसे रुमालात बांधून आणले होते. पैसे राहिले म्हणून तिकडे मोठ्या रुग्णालयातले उपचार थांबवतील, अशी धास्ती त्यांनी रात्रभर घेतली होती. त्यांनी जुनी पावती काचेखालून सरकवली, कालच्या ऑपरेशनचं सांगितलं आणि राहिलेल्या चार फेऱ्यांचे घ्या म्हणाल्या.

खिडकीतल्या मुलीने पावती पाहिली आणि ती गोंधळली.

"याचे पैसे तर भरलेत, आजी."

"ते एका फेरीचे. अजून चार होत्या."

"फेरीचे नसतात हो पैसे. उपचारक्रमाचे असतात. म्हणजे सुरू झाल्यापासून ते काम संपेपर्यंत, कितीही वेळा या, एकदाच." तिने पावतीवर बोट ठेवलं. "म्हणून तर पावती आणायला सांगतो. पुन्हा घेतले जाऊ नयेत म्हणून. आणि तातडीच्या ऑपरेशनला सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. हे सगळं मागच्या बाजूला लिहिलंय बघा."

वन्संनी कागद उलटला. मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. कमी उत्पन्न असेल तर माफीचा अर्ज कुठे करायचा, तेही लिहिलेलं होतं. रांगेतल्या माणसाने जरा सरकायला सांगितलं तेव्हा त्या सरकल्या, खुर्चीत बसल्या, आणि तो रुमाल मांडीवर तसाच राहिला. बिल नव्हतं, कर्ज नव्हतं, कोणी उपचार थांबवणार नव्हतं. कालच्या भीतीपेक्षा हे ऐकणं त्यांना जड गेलं.

चौथ्या दिवशी नळी निघाली. सहाव्या दिवशी वहिनी उशीला टेकून चमच्याने दूध घ्यायला लागली. गळ्यावर पट्ट्या होत्या, आवाज चरचरीत होता, पण 'ल' जागेवर आला होता. वन्संनी ठरवलं होतं, की घरी गेल्यावर सांगू. पण पेला परत ठेवताना त्यांना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं. ती ओळ, तिचा खरा अर्थ, मागची बाजू. मग त्या थांबल्या, आणि फोनचंही सांगितलं.

"त्यांनी बोलावलं होतं तुला. मी म्हणाले, तू परगावी गेलीस."

वहिनीने डोळे मिटून घेतले. नर्स येऊन ताप बघून गेली.

"फोनचं सांगायला हवं होतं," वहिनी शेवटी म्हणाली. "कागदाचं जाऊ दे. कागद मीही वाचू शकले असते, सातवी शिकलेय मी. पण तुम्ही नको म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं, वन्सं. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नव्हतं मला. भरण निघालं, सूज आली, तरी मी बरंय म्हणत राहिले ते पैशासाठी नाही. पैशाचं नाव पुढे केलं." तिला दम लागला. ती थांबली. "फोनचं मात्र सांगायला हवं होतं."

त्यानंतर दोन दिवस ती वन्संशी कामापुरतंच बोलली. उशी, पाणी, खिडकी लावा. वन्संनी ते सोसलं. सोडताना डॉक्टरांनी औषधांचा कागद नेहमीप्रमाणे वन्संच्या हातात दिला, तेव्हा वहिनीने हात पुढे केला आणि तो घेतला. ती ओठ हलवत हळूहळू वाचत होती, आणि अडलं तिथे तिने डॉक्टरांनाच विचारलं.

महिन्याभराने जखम दाखवायला त्या पुन्हा दंतविभागात गेल्या. बंद दारामागून तोच आवाज येत होता. वहिनीचा रंग उतरला होता, तळहात ओले होते, पण खिडकीवर ती स्वतः गेली. आजची फेरी जुन्याच क्रमातली का, हे तिने विचारलं. जुन्यातलीच होती. मग त्या जागी खोटा दात बसवायचा तर किती, हे विचारलं. तो तिसरा दर आणि नवा उपचारक्रम, मुलगी म्हणाली.

"सगळ्या फेऱ्या धरून?"

"सगळ्या फेऱ्या धरून."

"मध्ये दुखलं आणि यावं लागलं तरी?"

"तरी."

मागे रांग कुरकुरायला लागली होती. वहिनी तिथेच उभी राहून आणखी दोन-तीन गोष्टी विचारून आली आणि वन्संच्या शेजारी बसली. खोटा दात सध्या नको, माफीचा अर्ज भरून बघू, असं तिने सांगितलं. मग तिने मुठीतून नंबराची एक चिठ्ठी काढून वन्संच्या हातावर ठेवली.

"हा कुणाचा?" वन्संनी विचारलं.

"तुमचा. किती वर्षं दात दाखवले नाहीत तुम्ही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. त्या काही बोलणार तोच वहिनी म्हणाली, "तपासणी पहिल्या दरात. विचारून आलेय."

थोड्या वेळाने आतून नंबर पुकारला. वन्संनी चष्मा काढून वहिनीकडे दिला आणि त्या उठल्या.